थंड कॉफीचा पेला



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की, हा गृहस्थ किमान वेतनावर नाहीतर एखाद्या संपावर बोलेल. मी "थंड कॉफी" असे सांगितले तेव्हा ते हसले. वैशाखात श्रोत्यांना विषय गोड लागेल, असेही म्हणाले. मला त्यांना फसवावयाचे नव्हते. मी थंड कॉफीवरच बोलणार आहे. पण कामगार चळवळीत तीस वर्षे घालविलेल्या माणसाला पेल्यात कॉफीबरोबर माणसेही दिसू लागतात, त्याला इलाज नाही.

प्रथम कृती सांगतो, म्हणजे आपण सगळे एकाच पदार्थाविषयी बोलत आहोत हे ठरून जाईल. इन्स्टंट कॉफीची पूड दोन चमचे, साखर दोन चमचे आणि पाणी एवढेच की पूड भिजावी. हे पेल्यात घेऊन चमच्याने फेटावे. काळसर रंग जाऊन बदामी रंग आला, फेस धरला, की गार दूध ओतावे आणि बर्फाचे चार खडे टाकावेत. झाली थंड कॉफी. चूल नाही, गाळणे नाही, वाट पाहणे नाही. साखर मात्र आधीच घालावी. गार दुधात मागाहून टाकलेली साखर तळाशी जाऊन बसते आणि शेवटचा घोट तेवढा पाकासारखा लागतो. घरातले दहा वर्षांचे मूल हे करू शकते, आणि करतेही.

या सोपेपणाचेच मला कोडे आहे. बी भाजणे, दळणे, उकळणे, गाळणे, निववणे ही सगळी खटपट गेली कोठे? काम खरोखरच नाहीसे झाले, की ते आपल्या नजरेआड दुसऱ्या कोणाच्या अंगावर गेले? मी शाळेत दहावीपलीकडे गेलेला माणूस नाही. जे वाचले ते नगर वाचनालयात, पाळी सुटल्यावर. थंड कॉफीचा इतिहास मी वाचू लागलो तो या एका प्रश्नासाठी.

आधी बर्फ पाहू. मोगल बादशहांसाठी हिमालयातून बर्फ येई, आणि सोऱ्याने पाणी गार करण्याची युक्ती अकबराच्या दरबारी माहीत होती. पण ती बादशहांची गोष्ट झाली. व्यापारी जहाजाने बर्फ आपल्या देशात येऊन विकला जाऊ लागला तो १८३३ पासून. त्या वर्षी १२ मे रोजी 'टस्कनी' नावाचे जहाज अमेरिकेतील बोस्टन बंदरातून १८० टन बर्फ घेऊन निघाले. चार महिन्यांनी, विषुववृत्त दोनदा ओलांडून, ते कलकत्त्यास लागले, तेव्हा त्यातला सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता! लाकडाच्या भुशात घट्ट दडपून ठेवलेला बर्फ एवढा तग धरतो. पुढच्याच वर्षी, १८३४ साली, हा अमेरिकन बर्फ मुंबईस उतरला. जमशेटजी जिजीभाईंनी आपल्या मेजवानीत आइस्क्रीम वाढले आणि यजमानासह पाहुण्यांना पडसे झाले, अशी एक हकीकत त्या काळची म्हणून सांगतात. मुंबईत, मद्रासेत बर्फ साठविण्यासाठी खास इमारती बांधल्या गेल्या. मुंबईची केव्हाच पाडली गेली. मद्रासची अजून समुद्रकाठी उभी आहे. १८९७ साली स्वामी विवेकानंद तेथे उतरले होते म्हणून आता तिला त्यांचे नाव आहे, पण जुने लोक अजून 'आइस हाउस' असेच म्हणतात.

हा बर्फ पाठविणारा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर. त्याच्या चरित्रात मला एक गोष्ट अशी सापडली की, वाचनालयाचे दिवे मालवेपर्यंत मी ते पुस्तक खाली ठेवले नाही. ज्या काळात तो कलकत्त्यास बर्फ धाडीत होता त्याच काळात त्याने कॉफीचा सट्टा केला होता. भाव वर जातील म्हणून त्याने सौदे केले, भाव कोसळले, आणि त्याच्या डोक्यावर दोन लाख डॉलरांहून अधिक कर्ज झाले. हे कर्ज तो पुढे कित्येक वर्षे फेडीत राहिला, आणि त्या फेडीला मोठा हातभार लागला तो हिंदुस्थानातील बर्फाच्या नफ्याचा. आपल्या पेल्यात बर्फ आणि कॉफी एकत्र आली त्याच्या फार आधी ती बोस्टनच्या एका व्यापाऱ्याच्या खतावणीत एकत्र आलेली होती: एका बाजूस कॉफीची बूड, दुसऱ्या बाजूस बर्फाची कमाई.

तो बर्फ तोडीत कोण होते, हे खतावणीत सापडत नाही. ते सापडते थोरोच्या 'वॉल्डन' या १८५४ सालच्या ग्रंथात. गांधीजींमुळे थोरोचे नाव आपणांस परके नाही. १८४६-४७ च्या हिवाळ्यात त्याच्या झोपडीपुढल्या गोठलेल्या तळ्यावर शंभर आयरिश मजूर आणि त्यांच्यावर अमेरिकन मुकादम रोज येत व बर्फ कापीत. घोड्यांनी ओढावयाचा बर्फ कापण्याचा नांगर १८२५ च्या सुमारास निघालेला होता. घोडा पुढे चाले, मागे बर्फावर चौकटी आखल्या जात, आणि मग पहारी घालून चिरे सुटे करीत. एखादा मजूर फट चुकून पाण्यात पडला की त्याला थोरोच्या झोपडीत शेकोटीपाशी आणून बसवीत. आपले तळे गंगेच्या पाण्यात मिसळणार, या कल्पनेने थोरो हरखून गेला आहे. लेखक होता, त्याला तसे वाटणारच. मला मात्र त्या शेकोटीपाशी कुडकुडत बसलेल्या मजुराला त्या दिवसाची मजुरी पुरी मिळाली की कापली गेली, एवढे कोणीतरी लिहून ठेवावयास हवे होते असे वाटते.

पुढे यंत्राने बर्फ होऊ लागला आणि १८८० च्या आसपास अमेरिकेचा बर्फ येण्याचा बंद झाला. मग बर्फाचे कारखाने आले, गोणपाटात गुंडाळलेली लादी हातगाडीवरून दारोदार आली. १९५८ साली गोदरेजने आपल्याकडे घरगुती शीतकपाट बनविण्यास आरंभ केला. तेव्हापासून, हळूहळू का होईना, बर्फ दारावरून घरात आला.

आता थोडे गणित सांगतो. ते कळल्याशिवाय पुडीचे मर्म कळावयाचे नाही. एक ग्रॅम बर्फ वितळण्यास ८० कॅलरी उष्णता लागते. ८० अंशांवर असलेली शंभर ग्रॅम गरम कॉफी बर्फ टाकून पार शून्य अंशावर आणावयाची म्हटली तर शंभर ग्रॅम बर्फ वितळेल. म्हणजे पेल्यात जेवढी कॉफी तेवढेच पाणी! म्हणून गरम कॉफीवर बर्फ टाकणाऱ्याला कॉफी मुळातच दुप्पट कडक करावी लागते, नाहीतर ती आधी निववून ठेवावी लागते. ज्या घरात बर्फ विकत आणावयाचा तेथे हा चोचला परवडणारा नव्हता. इन्स्टंट पुडीने ही अडचण एका फटक्यात दूर केली. ती गार पाण्यातही विरघळते. जी कॉफी तापविलीच नाही ती निववावयाची कशाला? चार खड्यांत काम भागते.

ही पूड कशी जन्मास आली? तिचे एक आरंभीचे पेटंट न्यूझीलंडमधील डेव्हिड स्ट्रँग याच्या नावे १८९० च्या सुमाराचे आहे. मग शिकागोतील सातोरी काटो हा जपानी रसायनज्ञ, मग अमेरिकेत १९१० च्या सुमारास पूड विकू लागलेला वॉशिंग्टन नावाचा एक कारखानदार. यांच्या पुडीला चव अशी बेताचीच होती. खरी गोष्ट सुरू होते ती १९२९ च्या मंदीने. ब्राझीलमध्ये कॉफीचे डोंगर साचले, गिऱ्हाईक नाही. भाव टिकावा म्हणून तेथील सरकारने कॉफी जाळण्यास सुरुवात केली. १९३१ ते १९४४ या काळात सुमारे ७ कोटी ८० लाख पोती नष्ट करण्यात आली. पोते साठ किलोचे. ज्या मजुराने ती फळे तोडली त्याच्या देखतच ती जाळली गेली. मी गोदामातला संप पाहिला आहे, कुजलेले धान्य पाहिले आहे; पण हा आकडा वाचताना मला दोनदा शून्ये मोजावी लागली.

याच संकटातून ब्राझीलवाल्यांनी स्वित्झर्लंडमधील नेस्ले कंपनीला विचारले की, शिल्लक कॉफी टिकेल आणि नुसत्या पाण्यात विरघळेल असे काही करता येईल काय. माक्स मोर्गेनथालर या रसायनज्ञाने कित्येक वर्षे खटपट केली आणि १९३८ च्या एप्रिलात 'नेसकॅफे' बाजारात आली. कृती अशी: कॉफीचा दाट काढा करावयाचा आणि तो उंच मनोऱ्याच्या माथ्यावरून गरम हवेत तुषारांसारखा फवारावयाचा. थेंब खाली पोचेपर्यंत पाणी उडून जाते आणि तळाशी पूड पडते. दुसऱ्या महायुद्धात ती अमेरिकन सैनिकांच्या शिध्यात गेली आणि युद्ध संपल्यावर सैनिकांबरोबर घरोघर पोचली.

आपल्या देशातही तीच मंदी होती आणि तोच न विकलेल्या कॉफीचा प्रश्न होता. येथे मात्र निराळा उपाय निघाला. १९३५ साली कॉफीवर कर बसविणारा कायदा झाला आणि त्या पैशातून, लोकांनी कॉफी प्यावी म्हणून, १९३६ साली मुंबईस चर्चगेटजवळ पहिले इंडिया कॉफी हाउस निघाले. म्हणजे पाहा: एकाच मंदीला ब्राझीलने आग लावून उत्तर दिले, स्वित्झर्लंडने मनोरा उभारून दिले, आणि आपण खुर्च्या मांडून. आपला उपाय मला अर्थातच सर्वांत आवडतो, कारण त्यात माणसे लागत होती. काढा घालणारा, भांडी घासणारा, पांढरा पोशाख आणि फेटा घालून पेला आणून ठेवणारा. तेथली थंड कॉफी ही पुडीची नव्हे. आधी करून ठेवलेला दाट काढा, दूध, साखर, बर्फ. आणि हे सारे कोणाच्या तरी हाताने घुसळलेले.

१९५० नंतरच्या दशकात कॉफी बोर्डाला ही उपाहारगृहे नकोशी झाली. ती बंद करण्याचे ठरले आणि नोकरांना घरची वाट दाखविण्यात आली. तेव्हा केरळचे कम्युनिस्ट पुढारी आणि लोकसभेचे सभासद ए. के. गोपालन यांनी या लोकांना सल्ला दिला की, नुकसानभरपाईवर समाधान मानू नका, कॉफी हाउस तुम्हीच चालवा. मी स्वतः संघटना बांधणारा माणूस आहे, म्हणून सांगतो, हा सल्ला देणे सोपे आणि पचविणे महाकठीण. ज्याने जन्मभर मालकाविरुद्ध घोषणा दिल्या त्याला उद्यापासून दुधाचा हिशेब ठेवावयाचा, आणि कामचुकार सोबत्याला, जो कालपर्यंत आपल्याच मोर्चात होता, चार शब्द सुनवावयाचे. तरी त्यांनी ते केले. १९५७ च्या ऑगस्टमध्ये बंगलोरला कामगारांची पहिली सहकारी संस्था निघाली, ऑक्टोबरात दिल्लीचे इंडियन कॉफी हाउस उघडले. 'इंडिया'चे 'इंडियन' झाले, एवढाच पाटीवर फरक. पुढे थ्रिसूर, जबलपूर, नागपूर, पुणे, कलकत्ता अशा अनेक ठिकाणी ही चळवळ गेली, आणि त्यांतली कित्येक कॉफी हाउसे आजही चालू आहेत.

योगायोग असा की, त्याच १९५७ साली ग्रीस देशात पुडीच्या थंड कॉफीचा जन्म झाला. थेसालोनिकी शहरात मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरते. तेथे नेस्लेच्या प्रतिनिधीतर्फे मुलांसाठी चॉकलेटचे एक पेय झाकणाच्या भांड्यात हलवून दाखविले जात होते. दिमित्रिस वाकोंडिओस नावाच्या तेथल्या नोकराला मधल्या सुटीत आपली नेहमीची कॉफी प्यावीशी वाटली, पण गरम पाणी कोठे मिळेना. त्याने तेच भांडे घेतले, त्यात पूड, गार पाणी आणि बर्फ घातला आणि हलविले. वर फेसाचा जाड थर आला. फवारून सुकविलेल्या पुडीत कॉफीचे तेल जवळजवळ नसते, आणि तेल फेसाचा शत्रू आहे. म्हणून हा फेस बराच वेळ टिकतो. ही कॉफी 'फ्रापे' या नावाने साऱ्या ग्रीस देशाचे पेय होऊन बसली. सुटीतल्या एका नोकराच्या हातून ती झाली, याचे मला विशेष वाटते. कामाच्या जागी सुटी किती मिनिटांची असावी यावर मी आयुष्यात पुष्कळ भांडलो आहे. आता पुढच्या वाटाघाटीत हा दाखला सांगावा असा विचार आहे.

असो. पुडीत किती हात असतात ते आता मोजू. एक किलो इन्स्टंट कॉफीला साधारण २.६ किलो कच्ची बी लागते. दोन ग्रॅमचा एक चमचा धरला तर पाच ग्रॅम बी, म्हणजे पस्तीस-चाळीस बिया. एका फळात दोन बिया. आपल्या पेल्यातले दोन चमचे म्हणजे चाळीसेक फळे, आणि ती बहुधा कोडगू-चिकमगळूरच्या उतारावर हाताने तोडलेली. पुडीसाठी मुख्यतः रोबस्टा जात वापरतात आणि तिची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये चालते. तोडणाऱ्यांत बायका पुष्कळ. डबीवर चिकोरी लिहिलेली असेल तर हिशेब निराळा. कायद्याने अशा मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असावी लागते, उरलेले दुसऱ्याच एका मुळाचे पीठ. डबीच्या मागची बारीक अक्षरे वाचण्याची सवय युनियनच्या माणसाला करारनाम्यामुळे लागते. ती स्वयंपाकघरातही उपयोगी पडते.

येथे मला माझी स्वतःची एक गोष्ट सांगावी लागेल. १९४८ च्या कारखाने कायद्याने अडीचशेहून अधिक कामगार असतील तेथे उपाहारगृह ठेवणे मालकावर बंधनकारक केले. वीसबावीस वर्षांपूर्वी ज्या कारखान्यात मी संघटनेचे काम पाहत होतो तेथे असेच उपाहारगृह होते आणि चहा-कॉफी करण्यास ठेकेदाराची तीन माणसे होती. एके दिवशी यंत्र आले. बटण दाबले की पूड आणि पाणी आपोआप पेल्यात. तिघांपैकी दोघांना जावे लागले. यंत्रात पूड भरणे, ते धुणे, सांडलेले पुसणे ही कामे झाडणाऱ्या बाईकडे आली, पगार तोच. माझ्याकडे तो विषय आला होता. मी तो वाटाघाटीत घेतला नाही. ती माणसे ठेकेदाराची, आमच्या पावतीपुस्तकात त्यांची नावे नव्हती, आणि त्या वेळी आमचा बोनसचा तंटा ऐन रंगात आला होता. कारणे सगळी खरी आहेत. पण "काम उरले नाही" असे व्यवस्थापक म्हणाले तेव्हा ते काम झाडूवालीच्या हातात मला समोर दिसत होते, आणि मी मान हलवली.

त्या दोघांपैकी एकजण मला पुष्कळ वर्षांनी भेटला. औद्योगिक वसाहतीच्या चौकात त्याची गाडी होती, थर्मोकोलचा डबा, आणि पाटीवर 'कोल्ड कॉफी'. मी ओळख दिली. तो म्हणाला, "भाऊ, तेव्हा मशीननं माझं काम केलं. आता मी मशीनचं करतो." एवढे बोलून हसला. मागचे काही काढले नाही. मी काढावयास गेलो तर म्हणाला, गिऱ्हाईक आहे, नंतर बोलू.

२०२० च्या टाळेबंदीत एक लाट आली होती, आपणांस आठवत असेल. कोरियातून 'डालगोना' नावाची कॉफी आली: पूड, साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन चारशे वेळा फेटावयाचे आणि गार दुधावर तो फेस ठेवावयाचा. आपल्याकडे फेटलेली कॉफी घरोघर पूर्वीपासून होती, तिलाच नवे नाव मिळाले. घरात बसलेल्या लोकांनी त्या पेल्यांची छायाचित्रे एकमेकांना पाठविली. मीही एक पेला केला, मुलीने फेटला. त्याच आठवड्यात मी आणि आमचे कार्यकर्ते महामार्गावर पायी गावी निघालेल्या मजुरांना पाण्याच्या बाटल्या देत होतो. दोन्ही गोष्टी मी केल्या, आणि त्यांचा एकमेकींशी मेळ मला त्या वेळी घालता आला नाही, अजूनही येत नाही. त्याची गाडी तेव्हा बंद होती. मी शिधा घेऊन गेलो, तर त्याने पिशवी घेतली आणि पुडीची न विकलेली दोन पाकिटे उलट माझ्या हातात दिली. उन्हाळा आहे, रस्त्यावरच्या पोरांना द्या म्हणाला.

आता गाडी पुन्हा सुरू आहे. गेल्या आठवड्यात या व्याख्यानासाठी म्हणूनच मी मुद्दाम तेथे गेलो आणि त्याची कृती नीट पाहिली. तो चमचा वापरीत नाही. झाकणाच्या बाटलीत पूड, साखर आणि बोटभर पाणी घालून हलवितो. बर्फ कारखान्यातून आणतो आणि आणताना रंग पाहतो. २०१८ पासून आपल्या राज्यात खाण्यास अयोग्य बर्फात निळा रंग घालण्याचा नियम आहे, आणि निळसर लादी स्वस्तात मिळते म्हणून घेणारे कोण ते तो मला नावानिशी सांगत होता. दूध शेवटी. मी विचारले, किती वेळ हलवायचे? तो म्हणाला, "दंड भरून येईपर्यंत. मग अजून थोडं." पेल्याचे पैसे मी पुढे केले. त्याने ते मोजून घेतले आणि सुटे परत दिले.